परमुलखी धर्म जागविणारा श्रावक : वीरचंद राघवजी गांधी

घर सोडून शिक्षणासाठी, उमेदवारीसाठी वा नोकरीसाठी परक्या शहरात जाण्याचा प्रसंग आज प्रत्येक कुटुंबावर येतो. मुलगा किंवा मुलगी निघताना आईवडिलांच्या मनात एकच काळजी असते. तेथे आपले आचारधर्म टिकतील ना? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हीच परीक्षा एका तरुण श्रावकाने दिली. एकदा नव्हे, तर भावनगर, मुंबई, कलकत्ता आणि शिकागो अशा एकाहून एक दूरच्या शहरांत दिली. जिनशासनाचा संदेश पाश्चात्त्य जगाला प्रथम ऐकविणारे ते थोर सुपुत्र म्हणजे श्री. वीरचंद राघवजी गांधी.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा या गावी झाला. वडील राघवजी तेजपालजी हे जवाहिराचा व्यापार करणारे धर्मनिष्ठ श्रावक होते. महुव्यातील प्राथमिक शिक्षणानंतर वीरचंदभाई भावनगरला गेले आणि १८८० मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाले. पुढील शिक्षणासाठी त्यांनी मुंबई गाठली. त्या काळी भायखळ्याला असलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये ते सन्मानासह बी. ए. झाले. त्या काळातील जैन समाजात पदवीधर ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होती.

त्या वेळची मुंबई म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांची, नाना भाषांची आणि नाना रीतींची नगरी. पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथ मंदिराचा परिसर, पेढ्या आणि धर्मशाळा यांच्या आधाराने बाहेरगावचा जैन माणूस येथे रुजत होता. व्यापारासाठी आलेल्याला हा आधार पुरेसा होता. वीरचंदभाईंची वाट मात्र निराळी होती. १८८५ मध्ये सॉलिसिटरांच्या इंग्रजी पेढीत आर्टिकल्ड क्लार्क म्हणून त्यांनी उमेदवारी पत्करली. दिवसभर कायद्याचे दस्तऐवज, साहेबी शिस्त, साहेबी भाषा. अशा वातावरणात अनेक तरुणांना आपल्या घरच्या चालीरीती ओझ्यासारख्या वाटू लागत. वीरचंदभाईंचे तसे झाले नाही. उलट, जे नवे ज्ञान हाती येत होते ते धर्माच्या सेवेस कसे लावता येईल, याचाच त्यांनी शोध घेतला.

तशी संधीही लगेच आली. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ते जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे मानद चिटणीस झाले. शत्रुंजय तीर्थाच्या यात्रेकरूंवर पालिताणा संस्थानाने लादलेल्या कराचा प्रश्न तेव्हा धुमसत होता. वीरचंदभाईंनी कागदपत्रांचा अभ्यास केला, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यापर्यंत समाजाची बाजू नेली. १८८६ मध्ये तोडगा निघाला. प्रत्येक यात्रेकरूकडून कर वसूल करण्याऐवजी समाजाने वर्षाला १५ हजार रुपये एकरकमी द्यावेत असे ठरले, आणि चाळीस वर्षांपुरता यात्रेकरूंचा जाच संपला.

पुढे सम्मेदशिखराच्या परिसरात डुकराच्या चरबीचा कारखाना उभा राहिला. कोट्यवधी जीवांच्या रक्षणाचा उपदेश करणाऱ्या तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर हिंसा! १८९१ च्या सुमारास वीरचंदभाई या खटल्यासाठी कलकत्त्यास गेले. पुन्हा नवे शहर, पुन्हा परकी भाषा. जुने दस्तऐवज मुळातून वाचता यावेत म्हणून ते तेथे काही महिने राहिले आणि बंगाली शिकले. अखेर न्याय समाजाच्या बाजूने लागला. श्रद्धा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

या सेवेची किंमत त्यांनी स्वतःच्या उत्कर्षाने मोजली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १८८५ मध्ये उमेदवारीस लागलेले वीरचंदभाई १८९१-९२ मध्येही सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारीच करीत होते. याच काळात विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधी मुंबईत धडपडत होते. दोघांची मैत्री झाली. आहारशास्त्राचे प्रयोग दोघांनी मिळून केले. परक्या शहरात समविचारी मित्र मिळणे हेही भाग्यच.

१८९३ मध्ये शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरणार होती. जैन धर्माच्या प्रतिनिधित्वाचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साधुजीवनाच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास अशक्य होता. महाराजांनी वीरचंदभाईंची निवड केली, त्यांना शास्त्रांचे मार्गदर्शन केले आणि परिषदेसाठी ‘शिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथही सिद्ध केला. परंतु समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो अशी समजूत समाजात खोल रुजलेली होती. विरोधाचे सूर उमटले, बहिष्काराची भाषा झाली. एकीकडे आपलाच समाज, दुसरीकडे गुरुआज्ञा आणि धर्मप्रभावनेची संधी. एकोणतीस वर्षांच्या तरुणासाठी हा पेच लहान नव्हता. वीरचंदभाईंनी गुरुआज्ञा शिरोधार्य मानली.

११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात ही परिषद झाली. काठियावाडी पगडी घातलेल्या या तरुणाने जैन तत्त्वज्ञान व आचार यांची मांडणी केली आणि श्रोते प्रभावित झाले. लंडनहून आलेल्या एका धर्मोपदेशकाने हिंदू मंदिरांतील प्रथांवरून हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा आपले व्याख्यान सुरू करण्यापूर्वी वीरचंदभाईंनी तिला संयमाने उत्तर दिले. स्वतः जैनांचे प्रतिनिधी असूनही त्यांनी शेजाऱ्याच्या धर्माची बाजू घेतली. अनेकांताची याहून सुंदर ओळख कोणती असणार?

परिषदेनंतरही ते अमेरिकेत राहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. तेथील कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शुद्ध शाकाहाराचा नियम ढळू दिला नाही. या निष्ठेचा गौरवपूर्ण उल्लेख स्वामी विवेकानंदांनी आपल्या पत्रात केला आहे. ज्यांना परदेशी जाण्याने धर्मभ्रष्टतेचे भय वाटत होते, त्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरजच नव्हती. १८९५ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा परदेशी गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांच्या प्रयत्नांनी अमेरिकेतून मक्याने भरलेले जहाज आणि सुमारे ४० हजार रुपये भारतात आले. करुणा त्यांच्या लेखी केवळ व्याख्यानाचा विषय नव्हती.

अविश्रांत श्रमांनी प्रकृती मात्र खचली. मुंबईस परतल्यावर ७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘जैन फिलॉसॉफी’, ‘योग फिलॉसॉफी’ आणि ‘कर्म फिलॉसॉफी’ हे त्यांच्या व्याख्यानांचे ग्रंथ निधनानंतर प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वीरचंदभाईंजवळ ना मोठी संपत्ती होती, ना सत्ता. गावातून निघताना सोबत नेलेले संस्कार, रोजच्या जगण्यात पाळलेले नियम आणि गुरूंवरील श्रद्धा एवढीच त्यांची शिदोरी होती. नव्या शहराची भाषा शिकावी, तेथील विद्या आत्मसात करावी, तेथील माणसांशी मैत्री करावी. परंतु आपला आचार सोडू नये. समाजानेही आपल्या दूर गेलेल्या मुलांकडे संशयाने नव्हे, तर आत्मारामजी महाराजांप्रमाणे विश्वासाने पाहावे. त्यांच्या चरित्रातून मिळणारा हा दुहेरी बोध तरुणांइतकाच वडीलधाऱ्यांसाठीही आहे. अशा या धर्मवीराच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!