पंडिता रमाबाई : अधिकार आणि निरपराध



मराठीतला ‘अधिकार’ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा वापरतो. तहसीलदाराला अधिकार असतो, तेव्हा त्याचा अर्थ सत्ता असा होतो. नागरिकाला शिक्षणाचा अधिकार असतो, तेव्हा त्याचा अर्थ हक्क असा होतो. आणि एखाद्या गायकाचा शास्त्रीय संगीतात मोठा अधिकार आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात पात्रता असते. संस्कृतात हा तिसरा अर्थ विशेष बळकट आहे. अमुक कर्म करण्यास, अमुक ग्रंथ वाचण्यास कोण अधिकारी आणि कोण अनधिकारी, याची चर्चा शास्त्रकारांनी फार बारकाईने केली. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना या तीनही अर्थांशी तुमची पुन्हा पुन्हा गाठ पडेल. म्हणून या घटकाचा आरंभ शब्दापासून केला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, अरण्यातल्या आश्रमवजा घरात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान, चित्पावन ब्राह्मण, आचाराने कर्मठ. एका बाबतीत मात्र त्यांनी रूढी मोडली. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही हे त्यांनाही मान्यच होते. काव्य-पुराणांना ही मनाई लागू होत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुराणे सांगत वर्षानुवर्षे भटकत राहिले. लहान रमेला हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात १८७४च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. मोलमजुरी करणे कुळाला शोभणारे नव्हते, भिक्षाही मिळेनाशी झाली होती. होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात खर्च झाले होते. ज्यांनी आयुष्यभर कोणाचे वाईट केले नाही, शास्त्राची एकही आज्ञा जाणूनबुजून मोडली नाही, ती माणसे अन्नावाचून मेली. हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात कसा रुजला असेल याची कल्पना तुम्ही करू शकाल. उत्तर शोधत ती आणि तिचा भाऊ श्रीनिवास पुढची काही वर्षे देशभर पायी हिंडली.

१८७८मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदग्रंथ भेट दिला. शास्त्रांचे जसजसे वाचन वाढले, तसतशी रमाबाईंना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बाकी साऱ्या विषयांवर ग्रंथकारांचे मतभेद आहेत, पण स्त्री आणि शूद्र यांची मोक्षाची पात्रता ठरवताना सर्वांचे एकमत होते. ज्या विद्येने त्यांना मान मिळवून दिला, त्याच विद्येत त्यांच्या अपात्रतेचा दाखला लिहिलेला होता.

भावाच्या मृत्यूनंतर त्यांनी १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. पुढल्या वर्षी मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हे सर्व त्याच एका वर्षातले. मराठी गद्याच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक मुळातून वाचावे. त्यातील उपदेशाचा सूर आज खटकतो. स्त्रियांच्या दुःस्थितीचा बराचसा दोष लेखिका स्त्रियांच्या अज्ञानावर आणि आळसावर टाकते. पाच वर्षांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात हा सूर पूर्ण पालटलेला आहे. मधल्या काळात काय घडले, हे आता पाहू.

पुस्तकाच्या पैशांतून तिकिटाची सोय करून रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा बेत होता, पण ऐकू कमी येत असल्याने तो सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आपले जीवन संपवले. तो आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे फादर नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा बौद्धिक प्रभाव होता. पण त्यांनी स्वतः सांगितलेले निर्णायक कारण वेगळे आहे. लंडनजवळ फुलम येथे या भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. ज्या बायकांची सावलीही हिंदू कुटुंबात चालली नसती, त्यांची शुश्रूषा तेथे ममतेने होत होती. कारण विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीला ख्रिस्त तुच्छ लेखत नाही. तिची पात्रताही तो काढत नाही.

इथे थोडे थांबून ख्रिस्ती विचारातला एक पेच समजून घेऊ, कारण रमाबाईंचे पुढचे सगळे वाद त्याच्या अवतीभोवती आहेत. याच शुभवर्तमानात पुढे येशूला रोमन सुभेदार पिलातासमोर उभे केले जाते. पिलाताला आरोपीचा दोष सापडत नाही, तरीही सोडण्याचा आणि क्रूसावर देण्याचा अधिकार आपल्याजवळ आहे, याची तो त्याला आठवण करून देतो. त्यावर येशू हा अधिकार नाकारत नाही. तो वरून दिलेला आहे, सुभेदाराचा स्वतःचा नव्हे, एवढेच तो सांगतो. या उत्तराचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला आहे. सत्ता ईश्वराने दिलेली आहे, म्हणून निमूटपणे मानावी, हा एक अर्थ. तो राजांना आणि धर्माधिकाऱ्यांना फार सोयीचा ठरला. दुसरा अर्थ असा की सत्ता उसनी आहे, म्हणून ती वापरणाऱ्याला हिशेब द्यावा लागेल, आणि निरपराध्याला शिक्षा देणाऱ्याने तो आधीच चुकवला आहे. रमाबाईंचे आयुष्य या दुसऱ्या अर्थाच्या बाजूने उभे राहिलेले मला दिसते. त्यांनी तो अशा शब्दांत मांडला नसेल, पण वागणूक तशीच आहे.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे, असे घाटत असता हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यांच्या मते असे केल्याने मायदेशी त्यांचा प्रभाव नष्ट झाला असता. आपल्या देशाला आपण अधिक ओळखतो, असे रमाबाईंचे म्हणणे. मग ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, अद्भुत जन्म, एकेका सिद्धान्तावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. प्रेम होते, पण आज्ञापालनाची अपेक्षाही होती. चर्चचा निर्णय मानावा की स्वतः बायबल वाचून सदसद्विवेकाने ठरवावे, हा खरा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. भाषेच्या अभ्यासकाला हा तपशील क्षुल्लक वाटणार नाही. देवाची कोणतीही राखीव भाषा नाही, हे ज्या बाईने संस्कृतबाबत इतके सोसून शिकले, ती लॅटिनला तो मान का देईल? जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्यांची पत्रे वाचताना त्यांची काळजी खोटी वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तयार नव्हत्या. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल न्यायालयाने दिला. रमाबाईंनी या प्रकरणाचा उल्लेख पुस्तकात केला आणि त्यावरचे त्यांचे भाष्य आजही झोंबते. इंग्रज सरकारला दोष कसा द्यावा, त्याने हिंदुस्थानातील पुरुषांशी केलेला करारच तर पाळला, असा त्याचा रोख आहे. हिंदू धर्मशास्त्र आणि ब्रिटिश कायदा, एरवी परस्परांना परके असलेले दोन अधिकार, एका निरपराध मुलीविरुद्ध किती सहज हातमिळवणी करतात, हे त्यांनी नेमके पकडले. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक मदतीची हमी दिल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई या बालविधवेशी पुढे धोंडो केशव कर्वे यांचा विवाह झाला. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पंचवीसेक मुलींना पालकांनी नेले.

एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, या वादात चूक कोणाची. ती स्वतः वसतिगृहात अधीक्षक होती, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नव्हता. माझे मत असे की विरोधकांचा आवेश अन्यायकारक होता, पण त्यांचा संशय निराधार नव्हता. ज्या मुलीला जगात दुसरा थारा नाही, तिच्यासाठी आश्रयदातीच्या खोलीचे उघडे दार केवळ दार राहत नाही. तेही एक बोलावणेच असते. रमाबाईंच्या हाती आता अधिकार आला होता. मात्र हेही विसरू नये की दार बंद ठेवा असे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःचे दार बालविधवेसाठी उघडले होते.

१८९६-९७च्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा रमाबाईंना आपलीच उपाशी मुलूखगिरी आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्यांवर, मदतकार्याच्या छावण्यांत अनाथ मुली होत्या आणि त्यांना पळवणारे दलालही होते. रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाले होते, म्हणून त्यांना पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवरील केडगावच्या माळरानावर नेले. आधी नुसत्या झोपड्या होत्या. प्लेगच्या रुग्णालयात सदनातील एका मुलीला मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. ज्या पुण्याने त्यांना धर्मबुडवी म्हटले होते, त्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना आता त्यांच्या पत्राचा आधार घेता आला. याच सरकारने १९१९मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

केडगावचे ‘मुक्ती’ १९००च्या सुमारास सुमारे दोन हजार माणसांचे गावच झाले होते. शेती, विणकाम, गोठा, छापखाना, सगळे स्त्रिया चालवत. ‘पतित’ स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलममध्ये पाहिलेले त्यांनी येथे उभारले. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतली आणि अंध मुलींची शाळा सुरू झाली. आता धर्माबाबत आडपडदा नव्हता, ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. १८९३चा प्रश्न त्यामुळे सुटला असे मी म्हणणार नाही. तो अधिक मोठा झाला.

आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या बाईला स्वतः वाचून कळेल, अशी मराठी त्यांना हवी होती. हजारो श्लोक पाठ असलेल्या विदुषीने जाणूनबुजून सोपे लिहिणे, हा भाषिक संन्यास मला त्यांच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा वाटतो. मजकूर मुक्तीतल्याच मुली जुळवत आणि छापत. वेद ज्यांच्या कानांवर पडू नयेत असे ठरले होते, त्या बायकांच्या बोटांना आता धर्मग्रंथाची शाई लागत होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडले.

तुमच्या अभ्यासकेंद्राच्या किंवा जवळच्या ग्रंथालयात हा अनुवाद मिळाला, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढा. शेजारी आजचे प्रचलित मराठी बायबल ठेवा. पिलाताच्या तोंडी सत्तेसाठी कोणता शब्द घातला आहे, आणि येशूच्या उत्तरात तोच शब्द ठेवला आहे की बदलला आहे, हे दोन्हींत तपासून वहीत नोंदवा.