विश्लेषण : स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देणारे खाशाबा जाधव उपेक्षित का राहिले?

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. दुसरे पदक येण्यासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. तरीही हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा सरकारी सन्मान आला नाही. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला, तो पदकानंतर तब्बल सात दशकांनी. असे का झाले?

गोळेश्वर ते कोल्हापूर

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने लहानपणापासून त्यांचे अंग लाल मातीत घुसळले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या, निरोप पोहोचवण्याच्या कामात शाळकरी खाशाबाही होते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर ही मल्लांची पंढरी झाली होती. तिथे त्यांना बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन मिळाले. ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच ही खाशाबांची खासियत. अंगाने किरकोळ दिसणारा हा गडी बघता बघता समोरच्याला चीत करी.

लंडनमध्ये काय घडले?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारत स्वतंत्र देश म्हणून प्रथमच उतरला. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मात्र खरी अडचण वेगळीच होती. आयुष्यभर मातीत खेळलेल्या या मल्लाला मॅटवर लढायचे होते.

हा फरक छोटा नाही. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तो घसरतो. आखाड्यातली कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ लागेपर्यंत चालते. मॅटवर वेळेचे बंधन असते आणि गुणांवरही निकाल लागतो. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी जगज्जेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटचे धडे दिले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. पदक आवाक्यात आहे, हे त्यांनी ओळखले. पुढची चार वर्षे त्यांनी वरच्या, बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटाची तयारी केली.

हेलसिंकीच्या खर्चासाठी वणवण का करावी लागली?

चार वर्षांत परिस्थिती बदलली होती. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खेळाडूंचा जुना राजाश्रय संपला. त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली ती १९५४ मध्ये, म्हणजे हेलसिंकीनंतर दोन वर्षांनी. खाशाबा नेमके या मधल्या पोकळीत सापडले.

आधी निवडीचाच वाद झाला. निवड चाचणीतील निकाल अन्यायकारक वाटल्याने त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत घेण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली, असे सांगितले जाते. त्यानंतर पैशांचा प्रश्न आला. गोळेश्वर आणि परिसरातल्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम एखाद्या नोकरदाराच्या काही वर्षांच्या पगाराएवढी होती. देशाच्या संघातला खेळाडू गावच्या वर्गणीवर आणि शिक्षकाच्या घरावर परदेशी गेला, तो असा.

पदक कसे मिळाले?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवले. शेवटच्या टप्प्यात त्यांच्यासमोर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव होते. इशीविरुद्धची झुंज लांबली आणि खाशाबा थोडक्यात हरले. दमलेल्या अवस्थेत त्यांना लगेच पुढच्या लढतीला उतरावे लागले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून देणारा भारतीय पथकातील एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, हा या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले, ते चौथे आले. एका संस्थानी गावच्या मातीने एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन मल्लांना पदकाच्या दारात नेले होते.

मग विस्मरण का झाले?

त्याच हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. देशाच्या नजरा तिकडे होत्या, कांस्यपदक झाकोळले गेले. गावाने मात्र कसर ठेवली नाही. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक कराड स्थानकातून निघाली आणि काही मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सुमारे २७ वर्षांच्या नोकरीनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण ही बढती अगदी अखेरीस मिळाली आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान केव्हा मिळाले?

राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसचे कांस्यपदक जिंकल्यावर आधीचे पदक कोणाचे, असा प्रश्न पडला आणि खाशाबांचे नाव देशभर पुन्हा घेतले गेले. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये त्यांच्या जयंतीला गुगलने डूडल झळकवले. मरणोत्तर पद्म सन्मानाची मागणी कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षे करत आले आहेत. गोळेश्वरमधील कुस्ती अकादमीची घोषणा झाली, पण काम रखडले. २०१७ मध्ये तर त्यासाठी पदकाचा लिलाव करण्याची तयारी कुटुंबाने जाहीर केली होती.

त्यांचा वारसा काय?

खाशाबांनंतर या पट्ट्यातून खेळाडू येतच राहिले. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकले. त्याच जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले. पेटकरांना पद्मश्रीसाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. गुणवत्ता गावाने घडवायची, खर्च गावाने सोसायचा आणि दखल मात्र उशिरा घेतली जायची, हे खाशाबांच्या बाबतीत घडले तेच पुढेही घडत राहिले. आज खेळाडूंसाठी शिष्यवृत्त्या आहेत, परदेशी प्रशिक्षक आहेत, पदकवीरांना थेट नोकऱ्या आहेत. हेलसिंकीला जाताना यातले काहीच नव्हते. म्हणूनच त्या कांस्यपदकाचे मोल त्याच्या रंगावरून ठरवता येत नाही.