छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ

एकाच देवळाचें चित्र दोघांनीं एकाच कॅमेऱ्यानें काढलें, तरी एकाचें चित्र पाहून मन प्रसन्न होतें व दुसऱ्याचें पाहून इमारत मागें कोसळते आहे कीं काय असें वाटतें. ह्याचें कारण बहुधा यंत्रांत नसतें. यंत्र कोठें उभें केलें ह्यांत असतें. हें मर्म ज्यांनीं पुरतें ओळखलें होतें अशा हिंदुस्थानांतील छायाचित्रकारांत राजा लाला दीनदयाळ यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

दीनदयाळ यांचा जन्म इ. स. १८४४ मध्यें मीरतजवळील सरधना ह्या गांवीं एका जैन जव्हेरी कुटुंबांत झाला. बेगम समरू हिनें बांधविलेल्या भव्य ख्रिस्तमंदिरामुळें हें गांव प्रसिद्ध आहे. घरची परंपरा जवाहिराची असतांही दीनदयाळ रुडकी येथील थॉमसन कॉलेजांत स्थापत्यविद्या शिकले, आणि इ. स. १८६६ मध्यें इंदूर येथें बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. इमारतींचे नकाशे काढणें व खर्चाचे अंदाज करणें हें त्यांचें काम. ओळंबा, पातळी व अंतर ह्यांकडे पाहण्याची जी संवय त्यांच्या डोळ्यास येथें लागली, तीच पुढें त्यांचें खरें भांडवल ठरली.

इ. स. १८७४ च्या सुमारास त्यांनीं छायाचित्रणास आरंभ केला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर व तेथील ब्रिटिश अधिकारी सर हेन्‍री डेली यांनीं त्यांस उत्तेजन दिलें. त्या काळीं हें काम मोठ्या कष्टाचें असे. जड लांकडी कॅमेरा, तिपाई व कांचा बरोबर वाहून न्याव्या लागत. एक कांच बिघडली म्हणजे सारे श्रम फुकट जात. म्हणून कांच उघडण्यापूर्वींच जागेचा निश्चय करावा लागे.

ही जागा एवढी महत्त्वाची कां, तें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. आपल्यापासून दहा हातांवर एक खांब आहे व त्याच्या मागें आणखी दहा हातांवर तेवढाच दुसरा खांब आहे, असें समजा. मागचा खांब पुढच्याच्या निम्मा दिसेल. आतां आपण नव्वद हात मागें सरलों, तर दोन्ही खांब जवळजवळ सारखे दिसूं लागतील. खांब तेच, पाहणाराही तोच. बदलली ती केवळ जागा. ह्यासच यथार्थदर्शन म्हणतात. एकाच जागीं उभें राहून भिंग बदललें, तर चित्र लहान किंवा मोठें होतें. परंतु वस्तूंचें परस्पर प्रमाण बदलत नाहीं. तसेंच, उंच इमारतीच्या अगदीं पायथ्याशीं जाऊन कॅमेरा वर कलता केला, तर भिंती शेंड्याकडे एकमेकींस भेटावयास जातात. तें टाळण्यासाठीं दूर किंवा उंच जागा शोधावी, अथवा कांच ओळंब्यांत ठेवून भिंग तेवढें वर सरकवावें, हाच उपाय.

इ. स. १८८२ मध्यें सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंडांत हिंडले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची इत्यादि स्थळांचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें इ. स. १८८६ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. ह्याच सुमारास त्यांनीं मोठें धाडस केलें. सरकारी नोकरी सुरक्षित होती. कलेचें उत्पन्न अनिश्चित होतें. तरीही त्यांनीं नोकरी सोडून आपलें सर्व आयुष्य ह्या कलेस वाहिलें.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं त्यांस दरबारचे छायाचित्रकार नेमलें व पुढें राजा ही पदवी दिली. हैदराबादेंत पडदानशीन स्त्रियांची अडचण त्यांच्या लक्षांत आली. जेथें परपुरुषानें उभें राहणें शक्य नव्हतें, तेथें स्त्रीनेंच उभें राहावें, हें ओळखून त्यांनीं इ. स. १८९२ मध्यें केवळ स्त्रियांसाठीं निराळी चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईंच्या हातीं सोंपविली. इ. स. १८९६ मध्यें त्यांनीं मुंबईसही चित्रशाळा थाटली. इ. स. १९०५ मध्यें मुंबईंतच त्यांचें देहावसान झालें.

कांच ही वस्तु नाजूक. तरीही त्यांच्या कांचांपैकीं २,८५७ कांचा इ. स. १९८९ मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें जतनासाठीं घेतल्या. इ. स. २००६ मध्यें भारतीय टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें.

विद्यार्थिमित्रांनो, आतां कॅमेरा पुष्कळांच्या हातीं असतो व चित्र क्षणांत निघतें. म्हणूनच कळ दाबण्यापूर्वीं चार पावलें पुढें मागें जाऊन पाहण्याचा आळस होतो. तो आळस टाकावा. जवळून पाहिलें तर क्षुल्लक वस्तूही डोंगराएवढी दिसते, आणि योग्य अंतरावरून प्रत्येक वस्तु आपल्या खऱ्या मापानें दिसूं लागते. माणसांविषयीं मत बनवितांनाही हा नियम आपण विसरूं नये.