लॉर्ड केल्विन

थंड देशांत हिवाळ्याचे दिवस फार कष्टाचे असतात. पूर्वी घरात अहोरात्र कोळसा पेटता ठेवावा लागे; तरीही त्याची बरीचशी ऊब धुराड्यातून, छपरातून आणि खिडक्यांच्या फटींतून निघून जाई. ही उष्णता कोणत्या नियमाने वाहते आणि थोड्या श्रमात ती घरात कशी आणता येईल, हे दोन्ही विषय ज्यांनी तरुणपणीच आत्मसात केले, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम थॉमसन. पुढे जग त्यांना लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागले.

विल्यम यांचा जन्म 26 जून 1824 रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. ते सहा वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे अध्यापक. मुलांना त्यांनी घरीच शिकवले. 1832 मध्ये त्यांची स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात नेमणूक झाली, आणि अवघ्या दहाव्या वर्षी विल्यम तेथील वर्गांत बसू लागले.

1840 साली फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेवरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला. मोठमोठ्या विद्वानांनाही अवघड वाटणारे ते पुस्तक या मुलाने पंधरवड्यात वाचून काढले. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना जर्मनीत नेले. तेथे इतर अभ्यास बाजूस ठेवून केवळ जर्मन भाषा शिकावयाची, अशी त्यांची सक्त ताकीद होती. परंतु विल्यम यांनी आपल्या पेटीत फूरियेचा ग्रंथ लपवून नेला होता. ते रोज तळघरात उतरून तो गुपचूप वाचीत!

त्या ग्रंथात काय होते? भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितकी तीमधून जाणारी उष्णता अधिक. आणि भिंतीची जाडी दुप्पट केली, तर ती उष्णता निम्मी होते. पदार्थापदार्थांतही भेद असतो. दगडातून उष्णता लवकर जाते, लोकरीत अडकलेल्या हवेतून फार सावकाश जाते. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ती आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्याच काळात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचे बर्फ जहाजांतून थेट मुंबईस येत असे. लाकडाच्या भुशात दडपल्यामुळे एवढ्या लांबच्या उष्ण प्रवासातही त्यातील बरेचसे टिकून राही. घोंगडी आणि भुसा यांच्यामागे नियम एकच.

केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर 1845 मध्ये विल्यम पॅरिसला गेले. उष्णतेपासून यंत्रे कार्य कसे करतात, यावर सादी कार्नो या तरुणाने 1824 साली एक लहानसे पुस्तक लिहिले होते. कार्नो 1832 मध्येच पटकीने वारला आणि पुस्तक विस्मृतीत गेले. विल्यम पुस्तकांच्या दुकानांतून हिंडले. पण विक्रेते त्याच्या भावाचे पुस्तक पुढे करीत. मूळ पुस्तक मिळावयास त्यांना आणखी तीन वर्षे लागली. दरम्यान 1846 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो येथे प्राध्यापक झाले होते.

कार्नोच्या विचारातून 1852 साली त्यांना एक विलक्षण कल्पना सुचली. विहिरीचे पाणी आपोआप वर येत नाही. मोट ओढावी लागते. त्याचप्रमाणे बाहेरच्या थंड हवेतील उष्णता यंत्राने ओढून घरात आणता येईल. हवा 50 अंश फॅरनहाइटवरून 80 अंशांवर न्यावयाची असेल, तर निर्दोष यंत्र लागणाऱ्या कार्याच्या सुमारे 35 पट उष्णता घरात आणील, असे गणित त्यांनी मांडले. प्रत्यक्षात घर्षणादी कारणांनी एवढा लाभ होत नाही. आजची यंत्रे साधारण तीन-चार पट उष्णता देतात. मोटेचेच पाहा: विहीर जितकी खोल, तितके बैलांचे श्रम अधिक. तसेच घरात उष्णता जितक्या वरच्या तापमानावर न्यावी, तितके यंत्राचे श्रम वाढतात. हेच यंत्र घर थंड करण्यासही उपयोगी पडते.

परंतु त्या वेळी कोळसा स्वस्त होता. घर उबविण्यासाठी असे यंत्र बांधण्यास कोणी पुढे आले नाही. शीतयंत्रे मात्र निघाली, आणि 1870 च्या दशकापासून त्यांच्या साहाय्याने जहाजांतून मांस नेले जाऊ लागले.

विल्यम थांबले नाहीत. निरपेक्ष तापमानाची मापनपद्धती त्यांनी 1848 मध्येच मांडली होती. अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची तार टाकण्याचे काम 1866 मध्ये तडीस गेले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. 1892 मध्ये त्यांना उमरावपद मिळाले; विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी धारण केले. 17 डिसेंबर 1907 रोजी ते निवर्तले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्यांचे दफन झाले.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी हाल्डेन नावाच्या अभियंत्याने स्कॉटलंडमधील आपल्या घरी असे यंत्र चालवून पाहिले. 1938 मध्ये झुरिच येथील सतराव्या शतकातील नगरगृहही नदीच्या पाण्यातील उष्णतेने उबविले गेले. आता त्यास हीट पंप म्हणतात. जुन्या दगडी घरात तो बसविताना जाणता कारागीर प्रथम माळ्यावर लोकरीसारखा जाड थर अंथरतो, खिडक्यांच्या फटी बुजवितो आणि ओल धरू नये म्हणून हवेपुरती वाट ठेवतो. कारण गळका रांजण पाणी ओतून भरत नाही. गळती आटोक्यात आली, की खोल्या कोमट पाण्याच्या नळ्यांनीही उबदार राहतात, आणि मग पंप लहान आकाराचा पुरतो.