गोलरक्षक कॅप्टन शंकर लक्ष्मण

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे द्यावीत, हा परिपाठ सर्वत्र रूढ आहे आणि तो योग्यही आहे. यंदा मात्र आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, तो जन्माने मराठा नव्हता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. शंकर लक्ष्मण हे नाव कागदावर वाचले म्हणजे कोणासही तो सातारा-कोल्हापूरकडील गृहस्थ वाटावा. परंतु त्यांचे कूळ शेखावतांचे, राजस्थानकडून माळव्यात आलेले. मग त्यांस आमच्या पानांत स्थान कोणत्या नात्याने, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, ज्या पलटणीच्या नावातच आपल्या समाजाचे नाव गोवलेले आहे आणि जिचे जवान छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार करीत शत्रूवर तुटून पडतात, त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते सैनिक होते. याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. शंकर लक्ष्मण यांनी शांततेच्या काळात त्याच रेजिमेंटचे नाव मेलबर्न, रोम व टोकियो या नगरांत नेले. हे नाते रक्ताचे नसेल. पण ते हलके आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या माकणीच्या परिसरात कुस्ती, कबड्डी व खोखो यांचे कौतुक मोठे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळविलेले कांस्यपदक येथील जुन्या माणसांच्या तोंडी असते. हॉकी हा पूर्वीपासून छावण्यांचा, रेल्वेच्या वसाहतींचा आणि मोठ्या शहरांतील शाळांचा खेळ; तेरणाकाठच्या खेड्यांत तो रुजला नाही. सैनिक मात्र येथे परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरच्या बाजूस दगडामातीचे ढिगारे उपसावयास लष्कराचे जवान आले होते, हे येथील कोणीही विसरलेले नाही. तेव्हा खेळ अपरिचित असला, तरी खेळणारा अपरिचित वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी इंदूरजवळील महू येथे झाला. महू म्हणजे जुनी लष्करी छावणी. सुभेदार रामजी सकपाळ यांचे चिरंजीव भीमराव, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १८९१ साली याच छावणीत जन्मास आले, यामुळे महाराष्ट्रास हे गाव ठाऊक आहे. अशा गावी बिगूल, कवायत आणि मैदान ही मुलांच्या नित्य दृष्टीस पडणारी. लहानग्या शंकरचा ओढा प्रथम फुटबॉलकडे होता, आणि महूनजीकच्या कोदरिया गावच्या फुटबॉल संघाचे नायकत्वही त्याने केले. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तो सैन्यात दाखल झाला. हाती बंदूक आली नाही. त्यास बँडपथकात घेण्यात आले. पुढे तो मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेला, आणि लष्कराच्या मैदानांवर फुटबॉलचा हा खेळाडू हॉकीचा गोलरक्षक बनला.

हा पालट वरवर चमत्कारिक दिसतो, पण त्यास कारण आहे. हॉकीच्या इतर दहा खेळाडूंस चेंडूस पाय लावण्याची सक्त मनाई असते. गोलरक्षकास तेवढी मोकळीक. त्याने चेंडू पायाने अडवावयाचा आणि पायानेच दूर टोलवावयाचा. ज्याचे पाय बालपणापासून फुटबॉलवर तयार झाले, त्यास हे काम अर्धे साधलेलेच असते. उरलेले अर्धे मात्र छातीचे काम आहे. बारा फूट रुंद व सात फूट उंच अशा चौकटीत उभे राहावयाचे, आणि साडेपाच औंसांचा दगडासारखा कठीण चेंडू चौदा-पंधरा यार्डांवरून सुटला की त्याच्या आड आपले शरीर घालावयाचे. आजच्या गोलरक्षकाच्या अंगावर शिरस्त्राण, जाळीचा मुखवटा, छातीचे व बाहूंचे कवच असते. शंकर लक्ष्मण यांच्या काळी पायांस पॅड, पायांत जाड बूट आणि हातांत मोजे, एवढाच सरंजाम. तोंड उघडे. चेंडू गवतावरून येत असल्याने खळग्यात आपटून केव्हा उसळेल याचा भरवसा नाही. अशा स्थितीत डोळे न मिटणे हीच गोलरक्षकाची पहिली विद्या होय.

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. भारताचा त्या वेळचा दरारा काय वर्णावा! साखळीत अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ व सिंगापूरवर ६ गोल झाले. आघाडीचे खेळाडू असे बरसत असता गोलरक्षकास घाम तो काय येणार? परंतु उपान्त्य सामन्यात जर्मनीने भारतास एका गोलावर रोखून धरले आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानशी गाठ पडली. संघनायक बलबीरसिंग यांच्या हाताचे बोट मोडलेले, तरी ते खेळावयास उतरले. रणधीरसिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केलेला एकमेव गोल भारताचा, आणि तो टिकविण्याचे काम गोलमुखातल्या या तेवीस वर्षांच्या सैनिकाचे. ते त्याने पार पाडले. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि भारतावर एकही झाला नाही. हे भारताचे लागोपाठ सहावे सुवर्णपदक.

१९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचा प्रथमच समावेश झाला. तेथे भारत-पाकिस्तान सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तथापि गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक पाकिस्तानकडे गेले. हरल्यावाचून दुसरे स्थान पदरी यावे, हा प्रकार त्या संघास किती लागला असेल, याची कल्पना करवते.

त्याहून मोठा घाव पुढेच होता. ९ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे अंतिम सामना झाला. पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी गोल केला आणि तो अखेरपर्यंत फिटला नाही. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये पराभव म्हणजे काय हे ठाऊक नसलेला भारतीय संघ हरला. गोलरक्षकाच्या जीवनातील अन्याय येथे स्पष्ट दिसतो. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकरावी साधली तर त्याचा जयजयकार होतो; गोलरक्षकाने दहा चेंडू अडवून अकरावा सोडला तर तो अकरावाच लोकांच्या स्मरणात राहतो. रोमचा पराभव एका गोलाने झाला हे खरे. परंतु त्या दिवशी भारताच्या नावावर एकही गोल नव्हता, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याचा जाब गोलरक्षकास विचारता येत नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतही पाकिस्तानने भारतास दोन गोलांनी नमविले.

एवढ्या अपयशानंतर दुसरा कोणी खचला असता, किंवा निवडकर्त्यांनीच त्यास घरी बसविले असते. शंकर लक्ष्मण मात्र १९६४ साली टोकियोस गेले. या खेपेस भारताचा मार्ग पूर्वीसारखा निष्कंटक नव्हता. जर्मनीशी व स्पेनशी एकेका गोलाची बरोबरी झाली. युरोपीय संघ आता शिकून तयार झाले होते. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियावर तीन विरुद्ध एक असा विजय मिळाला, आणि २३ ऑक्टोबर रोजी लागोपाठ तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये तेच दोन संघ समोरासमोर आले.

हा सामना साधा नव्हता. खेळापेक्षा धुसफूस अधिक, आणि खेळाडूंस आवरता आवरता पंच बेजार झाले. मध्यंतरापर्यंत गोल नाही. उत्तरार्धात भारतास पेनल्टी कॉर्नर मिळाला. पृथ्वीपालसिंग यांनी हाणलेला चेंडू पाकिस्तानी रक्षकाच्या पायास लागून अडला, म्हणून पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदरलाल यांनी त्यावर गोल केला. भारत पुढे गेला खरा. पण खरी परीक्षा त्यानंतरच सुरू झाली. सुवर्णपदक हातचे जाते असे दिसताच पाकिस्तानने चढायांवर चढाया केल्या. मुनीर दार यांच्यासारखा पेनल्टी कॉर्नर मारण्यात तरबेज खेळाडू त्यांच्याकडे होता. भारताचा संघ मागे रेटला गेला आणि सामना जणू एका गोलमुखापुढे येऊन थांबला. येईल तो चेंडू शंकर लक्ष्मण कधी पायाने, कधी काठीने, कधी हाताने परतवीत राहिले. परदेशी वार्ताहरांसही वाटले की या माणसास तो एवढासा चेंडू फुटबॉलएवढा मोठा दिसत असावा. शेवटची शिटी झाली तेव्हा गोलफलक एक विरुद्ध शून्य असाच होता. त्यातला एक मोहिंदरलाल यांचा; शून्य मात्र बव्हंशी शंकर लक्ष्मण यांचे. गोलरक्षकाच्या कर्तृत्वाचा हिशेब असा न घडलेल्या गोष्टींत मांडावा लागतो, म्हणूनच तो लवकर विस्मरणात जातो, असे आमचे मत आहे.

वाचकांनी एक आकडा ध्यानी घ्यावा. मेलबर्न, रोम व टोकियो या तिन्ही अंतिम सामन्यांची मिळून २१० मिनिटे होतात. समोर त्या काळचा जगातील सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी. एवढ्या अवधीत या पुरुषाच्या गोलात गेलेला चेंडू एकच, रोमचा.

त्याच १९६४ साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी संघाचे नायकत्व त्यांच्याकडे आले. गोलरक्षक सर्वांच्या मागे उभा. त्याने अकरा जणांस कसे हाकावे, अशी समजूत तोवर रूढ होती, आणि गोलरक्षकास आंतरराष्ट्रीय संघाचा नायक करण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या मते ती समजूत मुळातच चुकीची होती. साऱ्या मैदानाचा पट ज्याच्या डोळ्यांपुढे सतत उलगडलेला असतो, असा संघात गोलरक्षक एकटाच. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानवर एका गोलाने मात केली आणि आशियाई स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्यासाठी देशास १९९८ पर्यंत थांबावे लागले. तेही बँकॉकलाच मिळाले, आणि तेव्हाचे संघनायक होते आपल्या खडकीचे धनराज पिल्ले. १९६७ साली शंकर लक्ष्मण यांस पद्मश्री देण्यात आली.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात त्यांचे नाव नव्हते. त्या संघास दोन संयुक्त नायक नेमण्यात आले होते आणि तो कांस्यपदक घेऊन परतला. शंकर लक्ष्मण यांनी हॉकीचा निरोप घेतला. त्यांनी पलटणीतली चाकरी मात्र इमानाने चालू ठेवली आणि १९७९ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. बँडपथकातील पोऱ्यापासून कॅप्टनपर्यंतची ही बत्तीस वर्षांची वाटचाल सैन्यातील कोणासही भूषणावह वाटावी.

निवृत्तीनंतर ते महूसच राहिले. पुढील सत्तावीस वर्षांविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते. ज्या देशाने त्यांस पद्मश्री दिली, तो देश त्यानंतर त्यांच्या दारी क्वचितच फिरकला. आर्थिक ओढाताण होतीच. आमच्या भागातील किती तरी घरांत निवृत्त सैनिक आहेत. गणवेष उतरला की मान कसा ओसरतो, हे त्यांस आम्ही सांगावयास नको. शंकर लक्ष्मण यांची गोष्ट इतकीच वेगळी की, त्यांच्या घरी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके व एक रौप्यपदक होते.

अखेरच्या दिवसांत त्यांच्या एका पायास गँगरीन झाले. ज्या पायांनी आयुष्यभर चेंडू परतविले, त्यांतलाच एक असा निकामी व्हावा, हे दैवाचे क्रौर्य म्हणावे लागेल. त्यांच्या हलाखीच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या त्या बहुतांशी याच वेळी. २९ एप्रिल २००६ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ज्या छावणीच्या गावी त्यांचा जन्म झाला होता त्याच महू येथे त्यांचे देहावसान झाले.