भंगारातल्या डब्यातून घरी अणुघड्याळ बनतं, पण त्यामागं डोकं होतं एका शाळामास्तरांचं

काही मोबाईल टॉवरच्या यंत्रणेत वेळ अचूक ठेवायला रुबिडियमचा एक डबा बसवलेला असतो. यंत्रणा बदलली की हे डबे जुन्या बाजारात येतात आणि हौशी मंडळी त्यातून घरच्या टेबलावर अणुघड्याळ बनवतात. डब्यातून सेकंदाला १ कोटी ठोके बाहेर पडतात. ते मोजायचे, १ कोटी भरले की घड्याळ एक सेकंद पुढं.

पण हे ठोके इतके नेमके पडतात कसे? त्यासाठी आल्फ्रेड कास्टलेर यांची गोष्ट माहिती पाहिजे.

१९०२ चा जन्म, अल्सास प्रांतातला. तेव्हा तिथं जर्मनीचं राज्य होतं. पहिलं महायुद्ध संपलं, प्रांत फ्रान्सकडं गेला आणि सोळा-सतरा वर्षांचं हे पोरगं घर न सोडता फ्रेंच झालं. पॅरिसला शिकून त्यांनी पाच वर्षं शाळेत मास्तरकी केली, मग कॉलेजात गेले.

१९४१ मध्ये जॉर्ज ब्रुहा यांनी त्यांना पॅरिसला बोलावून घेतलं. शहर नाझींच्या ताब्यात होतं. १९४४ मध्ये गेस्टापोनं ब्रुहांनाच उचललं. ते छळछावणीतून परत आलेच नाहीत.

कास्टलेर मागं राहिले, काम करत राहिले. १९५० मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. पंपानं आपण पाणी वरच्या टाकीत चढवतो, तसं प्रकाशानं अणूंना वरच्या पातळीवर चढवायचं. नाव पडलं ऑप्टिकल पंपिंग. विद्यार्थी ज्याँ ब्रोसेल यांच्यासोबत त्यांनी ते करूनही दाखवलं.

डब्यात हेच चालतं. दिव्याचा प्रकाश रुबिडियमच्या वाफेवर पडतो. अणू वर चढले की प्रकाश शोषणं थांबतं, तो आरपार जातो. मग सेकंदाला साधारण ६८३ कोटी कंपनांच्या मायक्रोवेव्ह सोडतात. कंपनं नेमकी जुळली तरच अणू खाली उतरतात आणि प्रकाश किंचित मंदावतो. त्या मंदावण्यावर डोळा ठेवून सर्किट आतल्या क्वार्ट्झला भरकटू देत नाही.

१९६६ चं नोबेल एकट्या कास्टलेर यांना मिळालं. ब्रोसेल यांचं नाव नव्हतं, हे खटकतंच.

अण्वस्त्रांना मात्र त्यांनी उघड विरोध केला. आणि १९७१ मध्ये या फ्रेंच शास्त्रज्ञानं चक्क जर्मन कवितांचं पुस्तक काढलं. नाझींनी गुरुतुल्य माणूस नेला, तरी लहानपणीची ती भाषा त्यांनी टाकली नव्हती. १९८४ मध्ये ते वारले.