सूर सर्वांसाठी : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर



शाळा सुरू झाली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. कोणती शिकवणी लावायची, गणिताची की इंग्रजीची? गाण्याच्या वर्गाचे नाव काढले की बहुतेक पालक म्हणतात, त्याला वेळ कुठे आहे? म्हणूनच ज्यांनी गाणे सामान्य घरातल्या मुलांपर्यंत नेले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची ओळख या रविवारी आम्ही करून देत आहोत. ते ख्रिस्ती नव्हते, पण त्यांच्या जीवनातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याने विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली व दृष्टी फार अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. उपचारांसाठी त्याला मिरजेला आणले, आणि तेथेच पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. ज्या संकटाने एक दार बंद केले, त्यातूनच दुसरे उघडले.

अनेक वर्षे त्यांनी कठोर मेहनत केली. परंतु त्या काळी गवयाला समाजात मान नव्हता. राजेरजवाड्यांनी आश्रय द्यावा व गवयाने त्यांची मर्जी सांभाळावी, अशी रीत होती. विद्याही सहजासहजी मिळत नसे. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा कुठे चार चिजा पदरी पडत. चांगल्या घरातील मुलींनी तर गाणे शिकणे कमीपणाचे समजत. हे सारे पलुस्करांना खुपले. 1896 साली संस्थानचा आश्रय सोडून ते बाहेर पडले आणि गावोगाव फिरत उत्तरेकडे गेले.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ही शाळा कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या उत्पन्नावर चालली. येथे ठरलेला अभ्यासक्रम होता, वर्ग होते, परीक्षा होत्या. मुलींनाही शिकण्याची सोय झाली. सूर कागदावर लिहिता यावेत म्हणून पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी मुलांसाठी पुस्तके छापली. गरीब, होतकरू विद्यार्थ्यांना जवळ ठेवून त्यांनी शिक्षक तयार केले. पुढे 1908 साली मुंबईतही विद्यालय निघाले.

त्यांच्या वाट्याला दुःखही कमी आले नाही. मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही व ती वास्तू लिलावात गेली. घरात एकामागून एक मुले दगावली. बारा अपत्यांपैकी दत्तात्रय हा एकच मुलगा वाचला. शेवटची वर्षे त्यांनी नाशिकच्या आश्रमात रामनामात घालवली. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा दत्तात्रय अवघा दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, पण शिकवलेली मुले राहिली. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे त्यांचेच शिष्य. दुसरे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या पोरक्या मुलाला या शिष्यांनीच शिकवले आणि तो द. वि. पलुस्कर म्हणून नावारूपाला आला. आज खेड्यापाड्यांतील मुलेही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना बसतात. हा त्याच झाडाचा विस्तार आहे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ही गोष्ट नवी नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सूर वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवीत. त्या शिदोरीवर कितीतरी जणांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव आणि पोट दोन्ही कमावले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात कॅथोलिक शाळांमधून संगीतशिक्षणावर भर द्यावा असे सांगितले, तसेच लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा मान राखण्यासही सांगितले.

मुळशीच्या गावागावांत भजनी मंडळींसोबत मुले टाळ धरून बसतात आणि ऐकता ऐकता ताल शिकतात. आपली मुले मात्र मिस्सेत अनेकदा ओठ मिटून उभी असतात. त्यांना आवाज नाही असे नव्हे, कोणी शिकवलेले नाही एवढेच. गाणाऱ्या मुलाला दुसऱ्याचे ऐकावे लागते, आपला सूर त्याच्या सुराशी जुळवावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. हे गुण गणिताच्या वहीतही उपयोगी पडतात आणि घरातही.

धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण जाणतो. मुलांचा गळा हीदेखील परमेश्वराने दिलेली ठेव आहे. पालकांनो, आठवड्यातून एक तास त्यासाठी काढा. आणि ज्यांना पेटी, तबला किंवा गिटार येते त्यांनी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर दोन-चार मुलांना जवळ बसवावे. पलुस्करांची वास्तू लिलावात गेली, पण त्यांनी शिकवलेला सूर कोणाला विकता आला नाही.